जज्जसाहेबांचं पान

नेपरव्हिल, ८ सप्टेंबर २००२, रविवार

लते,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच बाजूला ठेवशील, मला ठाऊक आहे. ठेव. पण फाडू नकोस. तुझा मिरजेचा पत्ता विक्रमनं दिला, त्याच्यावर रागावू नकोस. जर्सी सिटीहून दर रविवारी मला फोन करतो. "मावशी, थंडी पडायच्या आत बूट घ्या, चपलेनं भागणार नाही." गुणी लेकरू आहे तुझं.

आईच्या दहाव्याला अकरा वर्षं झाली. पिंडाला कावळा शिवेना. तू सगळ्यांदेखत रडत म्हणालीस, "आई, बाळच्या वेळची माझी चूक पोटात घाल." तरी शिवेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, आणि तू ओल्या पायांनी तशीच एस्टीत जाऊन बसलीस. त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही. लते, मला दुसरं काही नको, तू बोल. शिव्या घाल, पण बोल. मलाही तुला एक सांगायचं आहे. ते सांगेन सावकाश. आधी इथलं सांगते.

काय सांगू तुला, मी आजी झाले! गिरीशला मुलगा झाला, नील नाव. आठ महिन्यांचा आहे, आणि दिवसभर नुसती बडबड. बू बू, ता ता, आपल्या बोलण्यात मध्येच बोलतो, वकील होणार बघ. सून वसुधा नागपूरची, पण तिखट बेताचं घालते. आणि इथं गंमत काय, दारातल्या पत्रपेटीची लाल झेंडी वर केली की पोस्टमन घरी येऊन पत्र घेऊन जातो! मी दोनदा नुसतीच झेंडी वर करून बघितली. बिचारा दोनदा आला.

घर नवीन, सगळी कॉलनीच नवीन. पूर्वी इथं ओबेड व्हिटलॉक नावाच्या जज्जाचं शेत होतं, दीडशे वर्षांपूर्वी. बिल्डरनं शेत सपाट केलं, पण थडगी हलवता येत नाहीत, कायदा आहे म्हणे. म्हणून आमच्या मागच्या हिरवळीला लागूनच लोखंडी कुंपणात सहा थडगी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर दिसतात. वसुधानं पडदा लावला होता, मी काढला. भांडी घासताना समोर कुणी असलं की बरं वाटतं.

हे सगळं मला डॉक्टर शैलेंद्रांनी सांगितलं. चार घरं सोडून राहतात. तीस वर्षं लोकांची हृदयं कापली, आता रिटायर होऊन शनिवारी गावच्या म्युझियममध्ये फुकट बसतात. जज्जाच्या कागदांची पेटी त्यांच्या ताब्यात असते. मी चौथी शिकलेली आणि ते एवढे मोठे, पण रोज सकाळी फिरताना माझ्याबरोबर चालतात. त्यांचं कुणी ऐकत नाही, आणि मला ऐकायला आवडतं.

एक वाईट आहे. कावळे मरताहेत. डासांचा कसला रोग आलाय. मागच्या आठवड्यात डेकच्या, म्हणजे मागच्या लाकडी ओट्याच्या, पायरीवर एक पडला होता, पंख मिटून, झोपल्यासारखा. मी उचलायला गेले तर वसुधा ओरडली, "आई, हात लावू नका! फोन करायचा असतो." आणि खरंच, मेलेल्या कावळ्यासाठी सरकारी माणूस हातमोजे घालून आला! आता आठवडा झाला, एकही कावळा ओरडलेला ऐकला नाही.

ताई


२६ सप्टेंबर, गुरुवार

लते,

विक्रम म्हणाला, "आई पत्र फोडत नाही, पण टाकतही नाही. कपाटात ठेवलंय." मग ठीक आहे. मी लिहीत राहते.

पितृपंधरवडा लागला, तरी आकाशात कावळा नाही. झाडंच्या झाडं गप्प. आपल्याकडं या दिवसांत किती कलकल असते!

जज्जसाहेबांचं सांगते. आता मला त्यांची सगळी हकिगत पाठ आहे. लांब पूर्वेकडं, डोंगरातल्या गरिबाघरचा मुलगा. विसाव्या वर्षी बैलगाडी घेऊन इकडं आला तेव्हा इथं नुसतं पुरुषभर गवत. दिवसा शाळा शिकवायची, रात्री उसनी पुस्तकं आणून कायदा वाचायचा. बोलायला असा, की समोरचा हातातलं काम टाकून ऐकत राही. डॉक्टर म्हणाले, "सरलाताई, तीन तास भाषण करायचा, आणि लोक पावसात उभे राहायचे." मी म्हटलं, "मग पुढारी होणारच." तर झालाच. आधी आमदार. इथला पूल त्यानं बांधवला, रेल्वे आपल्या गावावरून नेली. मग जज्ज. तेव्हा जज्जानं घोड्यावरून गावोगाव फिरून न्याय करायचा. वकील, पक्षकार सगळे एकाच खाणावळीत उतरायचे, एका खाटेवर दोघं दोघं. हा एवढा जाडा, की त्याला एकट्याला खाट! मला फार हसू आलं. डॉक्टरही हसले.

मग त्यांनी खटल्याची गोष्ट सांगितली.

एका रात्री एक कोठार जळालं आणि आत झोपलेला शेतकरी मेला. जोनास रीड म्हणून एक लंगडा गडी होता, त्याच्यावर आळ आला. त्याचं मालकाशी भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. खटला जज्जसाहेबांपुढंच. रीडला विचारलं, "त्या रात्री कुठं होतास?" तो म्हणाला, "मी कुठं होतो ते जज्जसाहेबांना विचारा." सगळं कोर्ट हसलं.

जज्जसाहेब हसले नाहीत. रीड त्यांच्याकडं बघत उभा राहिला. हसणं थांबलं तरी बघत राहिला. आणि जज्जसाहेबांनी तोंड उघडलं ते फाशी सांगायलाच.

"म्हणजे यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"पाच मैलांवर, ओढ्याच्या काठी दोघं भेटले होते. रीडनं याच्या घोड्याचा पाय चिखलातून काढून दिला. पण हा तिथं कशासाठी गेला होता? विरुद्ध पक्षाच्या लोकांना चोरून भेटायला. खासदारकीची निवडणूक दोन महिन्यांवर. 'मी पाहिलं' म्हणावं, तर तिथं काय करत होतात ते सांगावं लागणार."

"मग खासदार झाले?"

"झाला ना."

डॉक्टरांना तो माणूस आवडत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, खोटं तर बोलला नाही ना? गप्प बसला. कधी कधी शब्द घशातच राहतो, माणूस काय करणार!" ते थांबून माझ्याकडं बघत म्हणाले, "ताई, हा काही तुमच्या सासरचा नाही. एवढी बाजू कशाला घेताय?"

मी विषय बदलला. जज्जाचं कुणी उरलं नाही म्हणे, वंश बुडाला. थडग्यावर शेवाळ. सर्वपित्रीला ज्यांचं कुणी नसतं त्यांच्याही नावानं पाणी सोडायचं असतं, आईच म्हणायची. मी यंदा त्यांचं एक पान वाढणार आहे. गिरीशला सांगितलं तर म्हणतो, "आई, ते बीफ खात असणार." मी म्हटलं, "मग आता खीर खातील."

ताई


७ ऑक्टोबर, सोमवार

लते,

काल सर्वपित्री झाली. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा, सगळं केलं. वसुधानं मनापासून मदत केली. आई-अण्णांचं, सासरच्यांचं, बाळचं, अशी पानं मांडली, आणि डेकवरच्या खुर्चीपुढं जज्जसाहेबांचं वेगळं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीतच म्हटलं, "व्हिटलॉकसाहेब, शेजारी आहात, गोड मानून घ्या."

मग कावळ्याची वाट बघितली. गिरीश म्हणाला, "आई, कावळे उरलेच नाहीत. खार खाईल." चालेल म्हटलं, खार तर खार. इथल्या खारी मोठ्या आगाऊ, दाराच्या फटीतून ब्रेड पळवतात. एक आली. कठड्यावरून बाळच्या पानाशी गेली, वडा उचलला. आईच्या पानातलं खाल्लं. जज्जसाहेबांच्या पानाजवळ आली आणि दोन पायांवर उभी राहिली. आपण कुणापुढं उभं राहतो तशी. मग पाऊल न वाजवता मागं मागं सरकत गेली. लते, खार मागं चालते हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

आज सकाळी बाकीची पानं पुसून चाटून स्वच्छ. त्यांचं जसंच्या तसं. मुंगीसुद्धा नाही. खिरीवर साय धरली होती, ती पण मोडलेली नाही.

आणि डॉक्टरांनी वर आणखी घाबरवून ठेवलं. फिरताना सहज म्हणाले, "ताई, तुम्ही तिकडचं कॅलेंडर बघितलंत. इथं अमावास्या काल सकाळी सव्वासहालाच संपली. तुम्ही जेवायला बोलावलंत ते पंगत उठल्यावर."

म्हणजे बघ, माझी चूक केवढी! आपली माणसं ओळखीची, मागंपुढं सांभाळून घेतील. पण त्या परक्या माणसाला मी वेळ टळल्यावर बोलावलं, आणि निरोप द्यायला कावळा नाही. आलेला माणूस जाणार कसा?

पान उचलावं की नाही कळेना. अजून तिथंच आहे. नील मात्र मजेत आहे, दोन दात आले. फक्त काल संध्याकाळपासून डेकच्या दाराशी नेलं की गप्प होतो. रडत नाही. आपण मोठ्या माणसाचं बोलणं ऐकताना होतो तसा गप्प.

ताई


१७ ऑक्टोबर, गुरुवार

लते,

आज मला तुझी फार आठवण आली. लहानपणी भीती वाटली की तू माझ्या पाठीला पाठ लावून झोपायचीस. दोघींनाही वाटायचं, मागची बाजू सांभाळली.

घरात एक होतंय. रोज संध्याकाळी पावणेपाचला आवाज जातो. दिव्याची वीज जावी तसा बोलण्याचा आवाज. पहिल्यांदा मला वाटलं कान गेले. मी वसुधाला सांगत होते की मेथी निवडून झाली, आणि तोंड हलतंय पण शब्द नाही. तिचंही तसंच. ती माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं. नळाचा आवाज येतोय, फ्रीजचा येतोय, माणसाचा तेवढा नाही. मग एकदम आला, आणि ती म्हणाली, "आई, तुम्ही काहीतरी म्हणालात का?"

पहिल्या दिवशी एक घोट पाणी पिण्याएवढा वेळ. आता त्यात चहा होतो. काल गिरीश घरून ऑफिसशी फोनवर बोलत होता, पलीकडचे "हॅलो, गिरीश, हॅलो" करून फोन ठेवून गेले. तो म्हणतो नेटवर्क. इंजिनिअर आहे, त्याला नेटवर्कच वाटणार. वसुधा तर साडेचार झाले की नीलला उचलून गाडीत घालते आणि दुकानात जाते. तीनदा दूध आणलं या आठवड्यात.

डॉक्टरांना मी आज चहाला बोलावलं, मुद्दाम त्या वेळेला. गडी अख्खं आयुष्य माणसांची काळजं चिरलेला, हसत आला. पावणेपाचला कप हातात, गोष्ट सांगताहेत, आणि गेला आवाज. मी त्यांचा चेहरा बघत होते. आवाज आल्यावर त्यांनी कप खाली ठेवला, बशीत चहा सांडला, आणि मला न सांगितलेलं सगळं सांगितलं.

जज्जसाहेब खासदार होऊन राजधानीला गेले आणि दोन वर्षांत एक शब्द बोलले नाहीत. तीन तास बोलणारा माणूस! पेपरवाले 'मुका खासदार' म्हणून चित्रं काढायचे. परत येऊन पुन्हा जज्ज झाले, तर निकाल चिठ्ठीवर लिहायचे आणि कारकून वाचायचा. शेवटची अकरा वर्षं घरातसुद्धा बोलणं नाही. मेल्यावर उशाखाली कागद सापडला. डॉक्टरांना तो पाठ आहे: "रीड ओढ्यावर होता. मी पाहिलं. दुपारी पावणेचारला मी हे म्हणू शकलो असतो."

मी म्हटलं, "पावणेचार ना? आमच्याकडं पावणेपाचला होतं. मग तो नव्हेच!" मला एवढं हलकं वाटलं, की मी त्यांना आणखी चहा दिला.

तरी आम्ही दोघं कुंपणापाशी गेलो. आपल्याकडं कावळा शिवला नाही की मेलेल्याच्या मनातलं ओळखून मोठ्यानं बोलतात ना, तसं केलं. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, मी मराठीत म्हटलं, "जोनास रीड निर्दोष होता. व्हिटलॉकसाहेबांनी त्याला पाहिलं होतं. आम्ही सांगितलं हो, आता शांत व्हा."

वारा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "बस्, ताई. याचं काम झालं."

झालं असेल असं मला वाटत नाही. परत येताना मी डेकवर बघितलं, तर ती खुर्ची पानाकडं तोंड करून नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीकडं होती. मी भांडी घासते तिथं.

ताई


२७ ऑक्टोबर, रविवार

लते,

हे पत्र वसुधा उद्याच्या कुरिअरनं विक्रमकडं पाठवणार आहे. तो दिवाळीला घरी येतोय, तुझ्या हातात देईल. त्याला सांगितलंय, आई फोडणार नाही, तर तू वाचून दाखव. पोराला कळायचं ते कळू दे.

आज इथं सगळ्यांनी घड्याळं एक तास मागं केली. उन्हाळ्यात एक तास पुढं करतात आणि या दिवसांत मागं आणतात, तशी पद्धतच आहे. गिरीश सकाळी स्टुलावर चढून काटे फिरवत होता आणि मी खाली उभी राहून बघत होते. पावणेपाचाचे पावणेचार झाले.

दुपारी मी त्यांना सगळ्यांना बाहेर पाठवलं. डॉक्टरांनाही येऊ नका म्हटलं. डेकवर जाऊन त्या खुर्चीसमोर बसले. थंडी होती, विक्रमनं सांगितलेले बूट घातले होते. पावणेचारला आवाज गेला.

आज पहिल्यांदा मला कळलं, की ते बोलायला आलेले नाहीत. ते ऐकायला बसलेत. जज्ज दुसरं काय करणार? रीडचं सांगून झालं, त्यांचं झालं. माझं राहिलंय.

मी खूप काही म्हणून बघितलं. देवाचं नाव, आईचं नाव, तुझं नाव. नुसते ओठ हलत होते. सूर्य झाडाआड गेला, एवढा वेळ. मग मी एक वाक्य म्हटलं आणि ते मला ऐकू आलं.

बाळ माझ्या मांडीवर होता.

आता तुला लिहिते. फलटणला पाटाच्या काठी, तू सात वर्षांची, मी दहाची. तुला मीच पाठवलं होतं, "लते, जा पेरू काढून आण, मी आहे बाळपाशी." मला नवीन रिबीन बांधायची होती. दोन्ही हात लागतात म्हणून मी त्याला खाली ठेवलं. गाठ नीट बसेना, म्हणून पाण्यात वाकून बघत होते. माझंच तोंड बघत होते, लते. मागं वळले तर तो नाही.

लोक धावत आले तेव्हा तू ओटीत पेरू घेऊन उभी होतीस. आईनं पेरू बघितले आणि तुला मारलं. "लेकराला टाकून पेरू काढायला गेलीस?" तू रडत एवढंच म्हणालीस, "ताईला विचारा." आणि सगळे माझ्याकडं वळले.

मी खोटं बोलले नाही. आयुष्यभर स्वतःला हेच सांगत आले. मी काहीच बोलले नाही.

आईनं जायच्या आदल्या दिवशी विचारलं होतं, "सरे, बाळ कुणाजवळ होता गं त्या दिवशी?" मी तिला चमच्यानं पाणी पाजलं. दहाव्याला नदीवर तू चूक कबूल करत होतीस आणि पिंडाकडं बघत नव्हतीस, माझ्याकडं बघत होतीस. मला वाट करून देत होतीस. मी पदर पिळत उभी राहिले. दर्भाचा कावळा झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते, लपवत नाही.

तुला खरं आठवतंय, की आम्ही सगळ्यांनी मिळून तुला विसरायला लावलं, ते मला माहीत नाही. विसरली असशील तर ऐक. तुझी चूक नव्हती. तू पेरू आणायला गेली होतीस, आणि तुला मी पाठवलं होतं.

ते वाक्य मी म्हटल्यावर हळूहळू माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. शेजारची पोरं, लांबून कुणाची तरी हाक. गिरीशची गाडी आली, नील आतूनच बडबडत होता. रात्री मी त्याला झोपवलं आणि गाणं म्हणायला गेले, तर पहिल्या ओळीनंतर आवाज गेला. आता वेळकाळ राहिलेला नाही. मघाशी वसुधाला "दिवा घालव" म्हणायचं होतं, ते हातानं दाखवावं लागलं. त्यांना बाकीच्यांचं ऐकायचं नाही, फक्त माझं. आणि खुर्चीसमोर सांगितलेलं ते धरत नाहीत असं दिसतं. जिला सांगायचं तिलाच सांगायला पाहिजे.

बाळ गेल्यावर आपण दोघी भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचो. तू अजून ओवाळतेस, विक्रम म्हणाला. यंदा सहा तारखेला, बुधवारी, तुझं ओवाळून झालं, की साडेसातला मी फोन करीन. इथं सकाळचे आठ वाजलेले असतील. पत्रात सगळं लिहिलं आहे, तरी मला ते तोंडानं सांगायचंय. तू फोन उचल. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर लाइन बिघडली म्हणून ठेवू नकोस. मी तिथंच असेन, सांगत असेन. तू ऐकत राहा.

ताई